वजनाची तिकिटे

चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली, तेव्हा पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझी शाळेतली कंपासपेटी सापडली. आत कर्कटक नव्हते, कोनमापक नव्हता. होती ती रबराने बांधलेली पुठ्ठ्याची तिकिटे, आणि इतक्या वर्षांत ते रबर वितळून वरच्या तिकिटाला चिकटून बसले होते. मुंबईच्या रेल्वे फलाटांवर तेव्हा वजनाची मोठी यंत्रे उभी असत. त्यांत नाणे टाकले की दिवे लुकलुकत, चक्र फिरे आणि खालच्या खाचेत एक जाड तिकीट पडे. त्यावर वजन छापलेले असे, भविष्याची एक ओळ असे आणि पुष्कळदा मागे एखाद्या नटाचा किंवा नटीचा चेहरा असे. एल्फिन्स्टन रोड स्थानकावर, ज्याचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, चर्चगेटकडे जाणारी पहाटेची लोकल येण्याआधी मी रोज त्या यंत्रावर चढत असे. भविष्य मी कधीच वाचले नाही. धाकट्या भावाने गंमत म्हणून तिकिटे मोजायला घेतली आणि दोनशेच्या पुढे गेल्यावर त्याचे हसणे थांबले.

त्या तिकिटांवरचे आकडे मी येथे लिहिणार नाही. मला आहारविकार झाला होता, म्हणजे खाण्याशी आणि वजनाशी जडलेला मानसिक आजार. हा आजार झालेली किंवा त्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली व्यक्ती असे काही वाचू लागते, तेव्हा तिला लिहिणाऱ्याची कहाणी दिसत नाही. तिला आकडा दिसतो आणि तो गाठावासा वाटतो. मी स्वतः एके काळी तशीच वाचत असे, म्हणून हे ठामपणे सांगू शकते.

मी मध्यम पल्ल्याची धावपटू होते. आठशे आणि पंधराशे मीटर. १९९९ साली, चौदाव्या वर्षी, दक्षिण मुंबईतल्या एका मैदानावर सरांकडे जाऊ लागले. सर वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. ज्या मुलांना परवडत नसे त्यांना ते स्वतःच्या पगारातून स्पाइक्स आणून देत, आणि परीक्षेच्या दिवसांत आमच्या घरी येऊन वडिलांची समजूत काढत. त्यांनीच एका सकाळी सगळ्यांसमोर, घड्याळातून डोके वर न काढता म्हटले, ‘‘अंग सुटत चाललंय तुझं, जरा आवर.’’ संध्याकाळपर्यंत ते वाक्य त्यांच्या लक्षातही राहिले नसेल. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीचे अंग भरते, त्याशिवाय ती वाढणार कशी. पण मैदानाच्या भाषेत भरण्याला ‘सुटणे’ म्हणतात आणि सुटलेली गोष्ट आवरायची असते, एवढे मला कळले. ते एक वाक्य आजाराचे कारण होते असे मी मानत नाही. प्रत्येक गोष्ट चोख करण्याचा अट्टहास, वडिलांच्या नोकरीची अनिश्चितता, धावण्यापलीकडे स्वतःची काहीच ओळख नसणे, हे सगळे आधीपासून साठत आलेले होते आणि शरीराची ठेवणही ज्याची त्याची असते. वाक्याने फक्त त्या साठ्याला वाट करून दिली.

आवरण्याची सोय घरातच होती. आईचा गुरुवार होता, आजीची एकादशी होती, सगळ्यांची संकष्टी होती, श्रावणातले सोमवार होते. मी एकेक करून सगळेच धरले. कोणाला संशय येण्याचा प्रश्नच नव्हता, उलट शेजारच्या काकू त्यांच्या मुलीला माझे उदाहरण देऊ लागल्या. मराठीत न खाण्याला जितकी चांगली नावे आहेत तितकी खाण्याला नाहीत. उपवास, व्रत, नेम, संयम, निग्रह, मिताहार हे सगळे गुण. आणि जो भुकेला धरून जेवतो तो खादाड, हावरट, अधाशी. माझ्या आजाराला या चांगल्या नावांच्या आडोशाला बरीच वर्षे सुखाने राहता आले. उपवासाने मला आजारी पाडले असे मात्र मी म्हणणार नाही. आजीने साठ वर्षे एकादशी केली आणि प्रत्येक द्वादशीला ती पोटभर जेवली. माझ्या उपवासाला द्वादशीच नव्हती.

पहिल्या हंगामात माझी वेळ सुधारली. हा भाग लोकांना सांगताना मला अजूनही अवघड वाटते, कारण त्यातून चुकीचा अर्थ निघू शकतो. पण तो वगळला तर या आजाराचा मैदानावरचा डाव समजणार नाही. वजन उतरले की काही महिने धावपटू खरोखरच हलकी धावते. सरांनी पाठ थोपटली, आंतरशालेय स्पर्धेत पदक आले, घरात पेढे वाटले गेले, आणि त्या पेढ्यांतला एकही मी खाल्ला नाही. सामान्य माणसाच्या आजाराला समाज निदान टोकतो तरी. खेळाडूच्या आजाराला सुरुवातीला बक्षीस मिळते. पुढे वेळ थांबते, मग घसरू लागते, आणि तोवर त्या मुलीची खात्री पटलेली असते की आपण पुरेसे हलके झालेलो नाही, म्हणूनच घसरतो आहोत.

दुसऱ्या वर्षी पाळी बंद झाली. मैदानावरच्या मोठ्या मुली म्हणाल्या की मन लावून सराव करणारीची पाळी जातेच, ते मेहनतीचे लक्षण आहे. मला तर सुटल्यासारखेच वाटले, कारण त्या मैदानावर मुलींना कपडे बदलायला धड जागा नव्हती आणि स्वच्छतागृहाला बहुतेक दिवस कुलूप असे. मे महिन्यात चाळीतली माणसे उकाड्याने गॅलरीत येऊन निजत, आणि मी आत गोधडी ओढून कुडकुडत असे. नाडी इतकी धीमी झाली होती की सर ती इतर मुलांना मोजायला लावत आणि ‘खेळाडूचे हृदय असे असते’ असे समजावत. त्यांचे अगदीच चुकत नव्हते. सरावाने नाडी धीमी होते, आणि उपाशी शरीर शक्ती वाचवू लागले तरीही ती धीमी होते. दोन्हींतला फरक नुसते मनगट धरून कळत नाही.

डोक्यात मात्र दिवसभर अन्नच असे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतल्या पाककृती कापून मी एका वहीत चिकटवत असे. रविवारी सगळ्यांसाठी पुरणपोळ्या करण्याचा हट्ट धरत असे, आणि समोर बसून प्रत्येकाचा घास मोजल्यासारखा पाहत असे. हे वेड फक्त माझे आहे असे मला वाटायचे. पुष्कळ वर्षांनी मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाविषयी वाचले. दुसरे महायुद्ध संपत येत असताना, १९४४-४५ मध्ये, ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे हे त्याला समजून घ्यायचे होते. ते तरुण स्वयंपाकाची पुस्तके जमवू लागले, ताटातले अन्न तासन्‌तास चिवडत बसू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, माणसांपासून तुटले. त्यांच्यापैकी कोणालाही बारीक व्हायचे नव्हते. म्हणजे ज्याला मी माझा स्वभाव समजत होते, त्याचा मोठा भाग निव्वळ उपासमारीचा परिणाम होता. ते वाचून मी बराच वेळ रडले, आणि ते रडणे दुःखाचे नव्हते.

मग रात्री येऊ लागल्या. सगळे निजले की मी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढायची, आणि डबा संपेपर्यंत थांबता येत नसे. सकाळी त्याची भरपाई म्हणून सरावाआधी आणखी धावायचे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ सालीच खाण्याच्या अशा झटक्यांचे आणि त्यानंतरच्या भरपाईचे वर्णन करून त्या विकाराला ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव दिले होते. आमच्या खोलीत त्याला ‘लाडू कोण खातं?’ एवढेच नाव होते, आणि आळ भावावर येत असे. मी तो येऊ दिला. या साऱ्या काळातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

आजीला काहीतरी कळले होते, पण ते तिच्या आयुष्यातल्या कशाशीच जुळत नव्हते. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या घरात एक वेळची चूल पेटत नव्हती. एकदा मी ताटावरून उठले तेव्हा ती म्हणाली, ‘‘संपात पोरांना निजवायला मी नुसतं पाणी उकळत ठेवायची, भात शिजतोय असं सांगून. तू भरल्या ताटावरून उठतेस, बाय. तुला नेमकं काय कमी आहे?’’ तिच्या प्रश्नात राग नव्हता. मला उत्तर देता आले नाही, आणि त्या दिवसापासून मी तिच्यासमोर जेवायला बसणे टाळू लागले.

२००३ च्या पावसाळ्यानंतर नडगी दुखू लागली. सरांनी बर्फ लावायला सांगितला, आईने हळद-तुरटीचा लेप दिला, आणि मी दोन्ही करून धावत राहिले. शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात स्ट्रेस फ्रॅक्चरचे निदान झाले. हाड एका फटक्यात मोडलेले नव्हते; रोजच्या माऱ्याने पडलेली बारीक तड बुजायला शरीराकडे साहित्यच उरले नव्हते. बाह्यरुग्ण विभागात त्या दिवशी एक तरुण निवासी डॉक्टर होत्या. त्यांनी पायाकडे पाहिले, फिल्मकडे पाहिले, आणि मग विचारले, ‘‘शेवटची पाळी कधी आली होती?’’ चार वर्षांत मला हा प्रश्न कोणीही विचारलेला नव्हता, आईनेसुद्धा नाही. मी उत्तर दिल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले.

त्यांनी त्या दिवशी जे समजावले, ते शास्त्राला तेव्हा नवे नव्हते. अपुरे खाणे, पाळी बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे या तिन्हींचा संबंध जोडून अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकतज्ज्ञांनी १९९२ मध्येच त्याला ‘फीमेल ॲथलीट ट्रायड’ असे नाव दिले होते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने ही कल्पना आणखी रुंद केली आणि तिला ‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट’, थोडक्यात ‘रेड-एस’, म्हटले, कारण हानी फक्त पाळी आणि हाडे यांचीच होत नाही आणि ती फक्त मुलींचीच होत नाही. हिशेब घरखर्चासारखा आहे. आपण जे खातो त्यातून व्यायामाचा खर्च आधी वजा होतो, आणि जे उरते त्यावर हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके, पचन, प्रतिकारशक्ती यांनी भागवायचे असते. उरलेले फारच थोडे असेल, तर मेंदूतला हायपोथॅलॅमस एकेक खाते बंद करू लागतो, आणि प्रजनन हे तातडीचे खाते नसल्याने ते लवकर बंद होते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरते, त्याबरोबर हाडांची भरणी थांबते. आणि हाडांची आयुष्यभराची पुंजी तर याच वयात, विशीच्या अखेरीपर्यंत, साठायची असते. पाळी जाणे हे मेहनतीचे लक्षण नसून शरीराने खर्चात केलेली कपात आहे, हे मैदानावर कोणी सांगितले असते तर माझी नडगी वाचली असती की नाही कोण जाणे, पण मला फुशारकी तरी वाटली नसती.

डॉक्टरांनी मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. आईने ती तिथल्या तिथे घडी करून पर्समध्ये टाकली आणि बसमध्ये म्हणाली, ‘‘माझी मुलगी वेडी नाही.’’ तिला मी दोष देत नाही. चाळीत बातमी पसरायला एक जिना पुरतो. पण त्या घडीत एक वर्ष गेले, आणि ते वर्ष फार वाईट होते. धावणे बंद झाले होते आणि धावण्याशिवाय मी कोण, हे मला ठाऊक नव्हते. सकाळी जाग येऊच नये असे वाटण्यापर्यंत मजल गेली होती. हे विकार मानसिक आजारांतल्या सर्वांत जीवघेण्या आजारांत मोडतात. काही जण शरीर थकल्याने जातात आणि काही जण आत्महत्येने. आता २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि चाळीच्या जिन्याला ते कळत नाही. तेव्हा आईकडे फक्त ती चिठ्ठी होती, आणि एक वर्षानंतर तिनेच ती कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवली.

उपचारांविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण ते कंटाळवाणे आणि लांबलचक होते. भुकेची जाणीव बिघडलेली असल्याने भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून जेवायचे. आठवड्याला एकदा बोलायचे. एक गोष्ट मात्र आठवते: तेथे वजन करताना मला काट्याकडे पाठ करून उभे करत. आकडा उपचार करणाऱ्या बाई पाहत, वहीत लिहीत आणि वही मिटत. पहिल्या खेपेला मी इतकी घाबरले की काट्यावरून उतरून पळाले. पाळी परत यायला दीड वर्ष लागले, आणि भावाची माफी मागायला त्याहून जास्त.

हे सगळे आठवण्याचे आणखी एक कारण म्हणजे ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट पन्नास किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या सकाळच्या वजनात शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. रात्रभर ती खाण्यापिण्यावाचून घाम गाळत होती, केससुद्धा कापले होते. आमच्या घरात त्या दिवशी जोरदार वाद झाले, चूक कोणाची यावर. दोनच दिवसांनी कुस्तीगीर अमन सेहरावतने दहा तासांत ४.६ किलो उतरवून कांस्यपदक घेतले, तेव्हा त्याच घरात टाळ्या वाजल्या. दोघांनी केले ते एकच. एकाचा काटा वेळेत खाली आला आणि दुसरीचा आला नाही. आपण शंभर ग्रॅमवर रडलो, साडेचार किलोंवर कोणी चकार शब्द काढला नाही. वजन उतरवणारा प्रत्येक कुस्तीगीर आहारविकाराचा रुग्ण असतो असे मुळीच नाही, हे मला माहीत आहे. पण शरीराला असे वारंवार पिळण्याची सवय ज्या मनाला आधीच तडा गेला आहे त्याच्या हाती पडली, तर पुढे काय होते, हेही मला माहीत आहे.

मुलग्यांच्या बाबतीत तर हा विषय निघतच नाही. परळ-लालबाग-प्रभादेवीत कबड्डी हा श्वास आहे, आणि किशोर व कुमार गटांना वजनाची अट असते. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ‘वजनात बसायचं आहे’ म्हणून अर्धपोटी फिरणारी, तोंडाला पाणी न लावणारी तेरा-चौदा वर्षांची मुले मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि वजन झाले की तीच मुले वडापावच्या गाडीवर कशी तुटून पडतात तेही. सगळे हसतात. १९९७ च्या हिवाळ्यात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवण्याच्या नादात काही आठवड्यांच्या अंतराने मेले, तेव्हा तेथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, आणि घामासाठीचे रबरी पोशाख बंद केले आणि वजन करण्याची वेळ लढतीच्या अगदी जवळ आणली. नियम बदलता येतात, हे त्यावरून दिसते. त्यासाठी तीन मुले मरावी लागली, हेही दिसते.

गेली सहा वर्षे मी रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कडेला काही मुलींना धावायला शिकवते. त्यांचे वजन मी घेत नाही आणि त्यांच्या अंगावर बोलत नाही. पालकांनी विचारले तर झोप, पाळी आणि डबा या तीन गोष्टी विचारते. यंत्र आता फलाटावर राहिलेले नाही, ते त्यांच्या मनगटावर आले आहे आणि प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवते, त्यामुळे माझ्या न विचारण्याला फारशी किंमत आहे असा माझा भ्रम नाही. गेल्या रविवारी त्यांतली एक, पंधरा वर्षांची, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, ‘‘ताई, मंगळवारी अंगारकी आहे, मी कडक करणार आहे. सकाळी धावायला आलं तर चालेल ना?’’ मी विचारले की मागच्या सोमवारीही होता ना तुझा उपवास. ती म्हणाली, हो, आणि गुरुवारीही. मग वर न पाहता पुढे म्हणाली, ‘‘आईला काही बोलू नका हं, तिला आवडतं मी करते ते.’’

मी तिच्या आईला त्याच दुपारी फोन केला. त्या म्हणाल्या, पाहुणे आहेत, संध्याकाळी करते. आज बुधवार आहे. थोड्या वेळाने मी पुन्हा लावणार आहे.